सातवा प्रश्न

सातव्या प्रश्नावर हरबंस आंटींनी मटार सोलणं थांबवलं.

"सकाळी जागच येऊ नये, असं गेल्या महिन्यात किती वेळा वाटलं?" मंजिरीने पंजाबीत पुन्हा वाचलं. ताणाची इंग्रजी प्रश्नावली पंजाबीत उतरवून झाली होती. ती लोकांना नीट समजते का, हे घरोघर तपासणं तिचं काम. माधवगंजात आंटींच्या भिंतीला भिंत लावून वाढल्यामुळे भाषा तिला फुकटात मिळाली होती.

"मैनूं नहीं, पुत्तर. माझ्या शेजारणीला वाटतं. रोज."

"कोण शेजारीण?"

"नाव नको विचारूस, शपथ घातलीय तिनं. झोपेच्या गोळ्या जमवून ठेवते. दोनदा मीच तिच्याकडून उचलून आणल्या."

मंजिरीने मान डोलावली. ही तिची सदतिसावी मुलाखत. आतापर्यंत कुणाच्या नणंदेला झोप नव्हती, कुणाच्या जावेला रडू फुटत होतं. बोलणारी बाई मात्र प्रत्येक घरी ठणठणीत. शेजारणी खरंच इतक्या आजारी असत्या, तर ग्वाल्हेरात दवाखाने पुरले नसते.

पण गोळ्या? म्हणजे त्या याच घरात होत्या.

निघताना ती शेजारी आईकडे डोकावली. लीलाताईंनी हसतच चहा टाकला.

"आई, आंटींकडे जरा लक्ष ठेव हं. मुलगा कॅनडात, एकट्याच असतात."

"त्यांना काय झालंय? लोहडीला कॉलनीभर नाचल्या बाई! काही बोलल्या का?"

"ते सांगायचं नसतं."

"बरं बाई. आमचा नंबर कधी लागणार तुझ्या कागदात?"

"तू कुठे पंजाबी?"

"तेही खरंच," लीलाताई म्हणाल्या. "आणि मला कसलं आलंय टेन्शन!"

सिटी सेंटरच्या ऑफिसात तिच्या प्रमुखांनी, रमाकांत सरांनी, कागद दोनदा वाचला. "शेजारीण म्हणजे त्या स्वतःच. मी डॉक्टरांशी बोलतो. त्यांच्या वेळेची चिठ्ठी आजच पोचव, उद्यावर नको."

संध्याकाळी मंजिरी पुन्हा आंटींच्या दारात उभी राहिली.

"आंटी, उद्या दहाची वेळ घेतलीय डॉक्टरांची. आता लपवू नका. एकटं सोसायचं नसतं हे."

आंटींनी चिठ्ठी उलटसुलट पाहिली. मग बराच वेळ मंजिरीकडे.

"तू येशील सोबत? की कागद भरून पळशील?"

"येईन. आजची रात्रही इथेच राहते. अगदी पक्कं."

"वाहेगुरू!" आंटींनी डोळे पुसले, डोक्यावरून ओढणी घेतली, पायांत चपला सरकवल्या आणि मंजिरीचं मनगट घट्ट धरलं. "चल मग."

"आत्ता कुठे, आंटी?"

आंटी पायरी उतरल्या, चार पावलं चालल्या आणि लीलाताईंच्या दाराची कडी वाजवली.