कडक मंगळ

रिसालीतल्या भूमिकाचं लग्न जवळजवळ ठरलंच होतं. पत्रिका तेवढी पाहायची राहिली होती. तिने जन्माची तारीख, वेळ आणि गाव सकाळीच मुलाकडच्या पंडितजींना मोबाइलवर कळवलं होतं. संध्याकाळी नवरा मुलगा पीयूष आणि त्याचे वडील भैयालाल पंडितजींना घेऊन तिच्या घरी आले.

पंडितजींनी चहा संपवला आणि तोंड वाकडं केलं. “कडक मंगळ आहे. पोरगी हट्टी. नवऱ्याले सुखानं जगू देनार नाही.”

भैयालाल खुर्चीतून उठलेच. “अन् आमच्या पीयूषची पत्रिका? तुमीच बनवली होती, महाराज!”

“त्याचा तं राजयोग आहे.”

भूमिकाला हसू आवरेना. “काका, मी माही वेळ धाडलीच नाही. पीयूषची धाडली. तारीख त्याची, वेळ त्याची, गावही त्याचंच.”

पंडितजींचा चेहरा पडला, पण क्षणभरच. मग त्यांनी घसा खाकरला. “हाच योग पोराले राजा करते अन् पोरीले बिघडवते.”

“असं सांगा ना!” भैयालाल हायसं वाटून पुन्हा बसले. “पोरीकडून मंगळाची पूजा करून घेऊ.”

भूमिकाने पीयूषकडे पाहिलं. प्लांटच्या प्रयोगशाळेत पोलादाचा एकेक नमुना दोनदा तपासल्याशिवाय सही न करणारा इंजिनिअर तो.

“तुले पटलं हे?”

पीयूषने नजर चुकवली. “बाबा म्हणून राहिले तं एक पूजा करून घे ना. तुहं काय जाते?”

भूमिका उठली. तिने दार सताड उघडलं.

“मंगळ तुहा आहे, पूजाही तूच कर. अन् पोरगी दुसरी पाह्य.”