सावळाच्या नावावरची जीप

वस्तीचा चढ लागला आणि दत्तानं पहिला गिअर टाकला. जीप कण्हली, पण चढली. तिला हा चढ पाठ होता. दत्तालाही होता. फक्त बावीस वर्षांत तो इकडे फिरकला नव्हता.

शेजारच्या सीटवर पिशवीत आरटीओचे कागद होते. महिन्याभरात दत्ता आणि त्याची बायको रत्ना ऑस्ट्रेलियाला जाणार होते, कायमचे. लेक प्रेरणा तिथे नर्स होती. "पप्पा, बाकी काही आणू नका. आपली जीप मात्र आणा," ती फोनवर म्हणाली होती. ह्याच जीपमधून ती शाळेत गेली होती. इतकी जुनी गाडी तिकडे नेता येते, हेही तिनंच शोधून काढलं. बोटीनं गाडी पाठवणाऱ्या माणसानं दोन गोष्टी बजावल्या. गाडीला मातीचा कण चिकटलेला नको. आणि पासपोर्टवर जे नाव, तेच गाडीच्या कागदावर हवं.

माती दत्तानं कापूरहोळच्या आपल्या गॅरेजात दोन दिवस खपून काढली. नाव मात्र त्याच्या हातात नव्हतं. कागदावर नाव होतं सावळाचं, त्याच्या थोरल्या भावाचं.

सावळानं मेंढरांचा अर्धा कळप विकून ही जीप घेतली होती. स्वतःला चालवता येत नव्हती. "तू चालीव," एवढंच म्हणाला. दत्ता वेल्हे ते नसरापूर वडाप करू लागला, माणशी भाडं घेऊन माणसं नेऊ लागला. वाटेत विंझरला माणसं मागं लटकायची. बाजाराच्या दिवशी पायाशी कोंबड्या आणि मांडीवर दुसऱ्याची पोरं. दिवेलागणीला जीप चढाला लागली की सावळा कुंपणापाशी येऊन उभा राही. गाडी थांबली की डोक्याचं फडकं सोडून आधी समोरची काच पुसे, मग दत्ताशी बोले.

ऐन लग्नसराईत एके दिवशी आईच्या छातीत कळ आली. दत्ता वऱ्हाड घेऊन सारोळ्याला गेला होता. निरोप द्यायला वस्तीवर फोन नव्हता. सावळानं आईला घोंगडीच्या झोळीत घातलं आणि चौघांनी तिला वेल्ह्याच्या दवाखान्याकडे उतरवलं. ती वाटेतच गेली. तेराव्याला सावळा सगळ्यांदेखत बोलला, "दारात गाडी असून माझ्या आईला खांद्यावर न्यावं लागलं."

दत्तानं त्याच पावली रत्नाला आणि चार वर्षांच्या प्रेरणाला जीपमध्ये बसवलं आणि तो खाली उतरला तो उतरलाच.

पुढं पासिंगला, नूतनीकरणाला मालकाची सही लागायची. नसरापूरचा एजंट कागद वर न्यायचा आणि सही होऊन ते परत यायचे. एकच कागद दर वेळी कोरा यायचा, नाव बदलण्याचा. सोबत निरोप नसे, शिवी नसे. दत्ताला कळायचं ते कळलं. आईचं खापर थोरल्यानं अजून आपल्यावर ठेवलंय. गाडी वापरू देईल, पण तुझी आहे असं म्हणणार नाही.

आज तोच कागद घेऊन तो निघाला होता. वाटेत त्यानं सगळं भांडण मनात करून पाहिलं होतं.

सावळा कुंपणापाशीच उभा होता. आवाज ऐकूनच आला असावा. फार वाळला होता. दत्ता उतरला आणि गाडीच्या दाराशीच थांबला. सावळानं बॉनेटवर हात ठेवला, मडगार्डवरून फिरवला.

"लई धुतलीस."

"तिकडं मातीचा कन चालत न्हाई, दादा."

"मंग मानसं चालत्यात कशावर?"

मागून वहिनी, भामाबाई, हसली. "आधी आत तर घ्या त्यास्नी! भावजी, किती केस पिकलं वो तुमचं!"

ओसरीवर चहा आला. दत्तानं सगळं सांगितलं. ऑस्ट्रेलिया, प्रेरणा, बोट, कागद. सावळा खाली बघत ऐकत होता.

"कायमचं?" त्यानं विचारलं.

"व्हय."

सावळानं हात पुढं केला. "आन पेन."

त्यानं चष्मा लावला. एकेक अक्षर कोरावं तशी पहिली सही केली. मग दुसरी. जिथं जिथं दत्तानं बोट ठेवलं, तिथं तिथं केली. शेवटी कागद नीट जुळवून पिशवीत घातले आणि पिशवी दत्ताच्या मांडीवर ठेवली.

वाटेत जुळवलेलं भांडण दत्ताच्या मनातच राहिलं. त्यानं पिशवी बाजूला ठेवली.

"इतकं सोपं व्हतं, तर बावीस वर्सं ह्यो येकच कागद का अडवलास, दादा? मला वाटलं, आईपायी तुजा राग अजून हाय."

"राग?" सावळानं चष्मा काढला. "त्यो तू चढ उतरायच्या आतच गेला. हाका मारल्या म्या. गाडीच्या आवाजात तुला ऐकू गेल्या न्हाईत."

भामाबाई पदर तोंडाला लावून आत वळली. सावळानं अंगणात उभ्या जीपकडे बघितलं.

"बाकी समदं एजंटाबरुबर दिलं," तो म्हणाला. "ह्यो येक कागद बिनसहीचा ठिवला. म्हनलं, ह्याच्यापायी तरी येक दिस वर येशील."