जीप फसली

इंजिनिअर सुरभी मॅडमची गाडी फाट्यापासून थोडी आत येऊन चिखलात बसली, तेव्हा धुरपताबाईंनी किसनसिंगला फोन केला. धुरपताबाई तांड्याच्या सरपंच आणि नात्यानं त्याच्या काकी. मॅडम रस्ता पाहायला स्वतः आल्या आहेत, त्यांना घेऊन ये, एवढंच त्या म्हणाल्या. किसनसिंगनं जीप काढली.

भर पावसाळ्यात त्या रस्त्यानं चालणारी ती एकच गाडी. घेतली तेव्हा ती चिखल पाहूनच बंद पडायची. किसनसिंगनं तिला जमेल तसं घडवलं होतं. कळंबच्या जलालभाईंच्या गॅरेजात, भंगारात निघालेल्या पिकअपच्या स्प्रिंगचे पाटे घालून ती वीतभर उचलून घेतली. खोल नक्षीचे जुने टायर चढवले. नाल्याचं पाणी इंजिनात शिरू नये म्हणून हवेचं तोंड शेतातल्या स्प्रिंकलरच्या पाईपनं पार टपापर्यंत नेलं. खालून दगड लागू नये म्हणून ड्रमचा पत्रा ठोकला. तांड्यातली माणसं, खताची पोती, दवाखान्याचे पेशंट, सगळं तिच्यातूनच जायचं आणि त्यावरच त्याचं घर चालायचं.

सुरभी मॅडम शेजारच्या सीटवर बसल्या आणि पहिलंच त्यांनी विचारलं, हा पाईप कशाचा? असं आजवर कोणी विचारलं नव्हतं. किसनसिंग खुलला. पाटे, टायर, पत्रा, सगळं सांगत सुटला. नाल्याशी आल्यावर त्यानं गिअरशेजारचा छोटा दांडा ओढला.

"आता चारही चाकं ओढते, मॅडम. नुसत्या मांगच्या दोनवर इथून कोनी निंगत नाई."

पाणी दरवाज्याला लागलं. जीप हलली, डुलली आणि पलीकडं चढली. मॅडम हसल्या, त्यांनाही मजा वाटली. किसनसिंगनं दांडा परत जागेवर टाकला. मग मॅडम थोड्या विचारात पडल्या.

"तुमच्या अर्जात लिहिलंय, पावसाळ्यात वाहतूक पूर्ण बंद. पण आपण तर येतोय की. मग इथं नुसती दुरुस्ती पुरेल. नवा रस्ता यंदा दुसऱ्या गावाला देता येईल."

त्यांच्या बोलण्यात वाकडं काही नव्हतं. हिशेबच तसा होता.

किसनसिंगनं गिअर बदलला. मागच्या महिन्यात तो क्लचसाठी जीप घेऊन कळंबला गेला होता, आणि त्याच दिवशी तांड्यातल्या रामलालच्या सुनेला कळा सुरू झाल्या. चौघांनी तिला बाजेवर टाकून उचललं. अर्ध्या वाटेत, बांधावरच ती बाळंत झाली. बाळ राहिलं नाही. त्या दिवशी तू कुठं होतास, असं रामलालनं त्याला एका शब्दानंही विचारलं नव्हतं.

पुढं रामलालच्या कपाशीच्या कडेचा तुकडा आला. सगळ्यात वाईट तो. निंदणाऱ्या बाया नेहमीसारख्या कंबर सरळ करून उभ्या राहिल्या. किसनसिंगची जीप इथून कशी निघते, ते पाहणं हा तांड्याचा करमणुकीचा कार्यक्रम होता, आणि त्याच्याही आवडीचा.

त्याचा हात सवयीनं दांड्यावर गेला. तिथं थोडा थांबला. मग त्यानं हात उचलून स्टेअरिंगवर ठेवला आणि पाय दाबला.

मागची चाकं जागच्या जागी फिरली. चिखल टपावर उडाला. त्यानं पुन्हा दाबलं, आणखी दाबलं. क्लच जळाल्याचा वास आला आणि जीप चाकांच्या आसापर्यंत खाली बसली.

बांधावर हशा पिकला. किसनसिंगची जीप फसली, किसनसिंगची जीप फसली, असं एकीनं दुसऱ्या शेतात ओरडून सांगितलं. त्यानं इंजिन बंद केलं.

मॅडमनी दांड्याकडं पाहिलं, मग त्याच्याकडं.

"भाऊ, हा दांडा ओढला नाहीत?"

"तांड्यात बाकी कोनापाशी नाई, मॅडम."

मॅडमनी दार उघडून खाली पाहिलं. मग पिशवी खांद्याला लावली, बूट काढून हातात घेतले आणि खाली उतरल्या. पाय पोटरीपर्यंत गेला, पुढच्या पावलाला गुडघ्यापर्यंत. निंदणाऱ्या बायांनी हात दिला. आजारी माणूस कसा नेता, असं त्यांनी चालता चालता विचारलं. बायांनी तो बांध दाखवला.

जाताना मॅडम रामलालच्या बैलबंडीतून गेल्या. नवाच रस्ता लागेल असं मी लिहीन, वर काय होईल ते माझ्या हातात नाही, असं त्यांनी धुरपताबाईंना सांगितलं.

त्यांना फाट्यावर सोडून रामलाल आपली बैलजोडी घेऊन जीपशी आला. आता दांडा ओढूनही ती निघेना, एवढी रुतली होती. किसनसिंग चिखलात गुडघे टेकून साखळी अडकवत होता. धुरपताबाई जवळ उभ्या होत्या. रस्ता झाला तर ऑटो थेट तांड्यात येतील, मग तुझ्या जीपला कोण विचारणार, असं त्या तांड्याच्या गोरमाटी बोलीत हळूच म्हणाल्या.

"येऊ दे," किसनसिंग म्हणाला आणि स्टेअरिंगवर जाऊन बसला.

रामलालनं कासरे धुरपताबाईंच्या हातात दिले, पँट गुडघ्यावर चढवली आणि मागं जाऊन जीपला खांदा लावला.