झेंडू संपल्यावरची सावड

दसऱ्याला झेंडू खुडून संपला, तरी सुवर्णा सावडीच्या नावाखाली रोज मातोरीला जातच होती. तिथं तेजश्री एकटीनं मळा करायची. सावड म्हणजे आज तू माझ्या शेतात राब, उद्या मी तुझ्या. काम सरलं की सावड सरते, हे शेंबड्या पोरालाही कळतं. मग सासूला कळणार नाही होय?

"काय गं, आता काय खुडता दोघी मिळून? धसकटं?" कलाबाईंनी ओट्यावरूनच हटकलं.

सुवर्णानं डोक्यावरची पाटी खाली ठेवली. नवऱ्याला तिनं सकाळीच सांगितलं होतं. "आईला तूच सांग," एवढं बोलून ज्ञानेश जो मळ्यात गेला, तो जेवायलाही आला नव्हता.

"आत्याबाई, माझा जीव तेजश्रीवर जडलाय. नवऱ्यावर जडावा तसा. दहा वर्षं नांदले, पण असं कधी झालं नव्हतं. मी तिच्याकडं राहायला जाणार हाय. मारा, नायतर कापा."

"माझ्या पोराचं वाटोळं केलंस गं, भवाने!" कलाबाई ताडकन उठल्या, चपला पायात सरकवल्या आणि मातोरीच्या वाटेला लागल्या.

सुवर्णा धावत जाऊन वाट अडवून उभी राहिली. "तिला काय बोलायचं नाय. बोलायचं ते मला बोला."

"सरक बाजूला. लगीन ठरलं तेव्हा तुझा बाप आमच्या विहिरीत वाकून पाणी किती ते बघून गेला होता. आता तो राहिला नाय. पोरगी नांदायला जायची, तर घर कुणीतरी बघून यायला नको?"