कॅशियरने वाचलेले भाव

"वाच की लेका. घसा बसला का?" काळा चष्मा लावून आरामखुर्चीत बसलेला ड्रायव्हर म्हणाला.

कॅशियरने पेपर तोंडासमोर धरला. बाजार पुन्हा कोसळला होता. चार महिन्यांत दोघांच्याही पुंजीचा तिसरा हिस्सा बुडाला होता.

"आपले चारही वर आहेत," तो म्हणाला.

बस डेपोच्या खिडकीत तीस वर्षं बसून एका पैशाची गफलत न केलेला हा माणूस आता रोज सकाळी मित्राच्या व्हरांड्यात बसून धडधडीत खोटं बोलत होता. दुसरा इलाजच नव्हता. दोघं एकाच दिवशी निवृत्त झाले होते. फंडाचे पैसे त्यांनी त्याच चार कंपन्यांच्या शेअर्समध्ये घातले आणि विकायचे तर दोघांनी मिळूनच, असा एकमेकांना शब्द दिला. पुढे ड्रायव्हरला मोतीबिंदू झाला, समोरचं माणूसही दिसेना. ब्लडप्रेशर खाली आल्याशिवाय ऑपरेशन करणार नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. कॅशियर महिनाभर लेकीकडे राहून परतला त्याच दिवशी बाजार गडगडला. आता ही बातमी ऐकून मित्राचं प्रेशर चढलं, तर ऑपरेशन राहिलंच म्हणायचं.

मुळात कॅशियर पक्का भित्रा. रस्ता ओलांडतानाही तीनदा मागे फिरणारा. गल्लीतल्या निवृत्त मंडळींनी तोटा सोसून शेअर्स विकून टाकले, तेव्हा तर त्याची झोपच उडाली. पेन्शन तुटपुंजी, म्हातारपणाला आधार एवढाच. शेवटी त्याने विक्रीचा अर्ज भरला, खिशात घातला आणि आज मित्राला सगळं सांगून टाकायचंच, असं ठरवून व्हरांडा गाठला.

"हे बघ, आज भाव जरा..."

"वर असणार!" ड्रायव्हरने त्याला पुरतं बोलूच दिलं नाही. "तू रोज चांगलं वाचतोस, म्हणून तर प्रेशर उतरतंय माझं. अजून थोडं उतरायला हवं, म्हणतात डॉक्टर."

कॅशियरने खिशातला अर्ज आणखी आत सरकवला. "वरच आहेत."

"मग विकायची घाई कशाला? मी नाही विकत. तू विकतोयस की काय?"

"छे! मी कशाला विकू?"

घरी जाऊन त्याने अर्ज फाडला. मित्राच्या डोळ्यांसाठी स्वतःचं म्हातारपण पणाला लावणाऱ्या या भित्र्या माणसाला खरं तर उठून सलाम करायला हवा.

सव्वा वर्ष गेलं. बाजार हळूहळू सावरला आणि एका सकाळी चारही शेअर्स खरेदीच्या भावाच्या कितीतरी वर जाऊन बसले. त्या दिवशी कॅशियरने पहिल्यांदा खरे आकडे वाचले, तेही खणखणीत आवाजात. डोक्यावरचं ओझं उतरल्यासारखा तो उठला आणि स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभा राहिला.

"वहिनी, आता उशीर नको," तो हळूच म्हणाला. "प्रेशर चढायची आता भीती नाही, डोळ्यांचं ऑपरेशन उरकून टाका."

वहिनींनी ओट्यावरून मान वळवली आणि हसल्या.

"आता सांगायला हरकत नाही, भावजी. ऑपरेशन तुम्ही लेकीकडे होतात तेव्हाच झालं. आज ना उद्या तुम्ही घाबरून विकाल, या धास्तीने यांनी न दिसल्याचं सोंग घेतलं. भाव तर हे रोज तुम्ही यायच्या आधीच वाचून ठेवतात."