कांस्यात थिजलेला आवाज

कावेरीकाठच्या देवळात संत कारैक्काल अम्मैयारच्या चोळकालीन मूर्तीला संशोधकांनी श्रवणयंत्र लावलं, तेव्हा ओतारी वडिलांबरोबर आलेली अलर्मेल दाराशीच थांबली. ओतलेलं कांस्य थिजताना भोवतालचे आवाज धरून ठेवतं आणि या यंत्रानं ते आता ऐकता येत होते.

अलर्मेलला तशीच नवी मूर्ती ओतायची होती. पण पंच शण्मुगम यांनी बजावलं होतं, "बाईनं ओतलेली मूर्ती देवळात कधीच नव्हती, पुढेही नसेल."

यंत्रातून आधी भात्याची घरघर आली. मग जुन्या तमिळमध्ये एका बाईचा करडा आवाज घुमला, "धातूची धार तुटू देऊ नका रे, माझ्या हातची मूर्ती बिघडेल!"

 शण्मुगम हात जोडून म्हणाले, "पोरी, भट्टी कधी पेटवतेस?"

अलर्मेलचे वडील केव्हाच कोळसा आणायला धावले होते.