पंधरावं नाव

"तुझ्या वडिलांचं नाव घालू की," अध्यक्ष म्हणाले, "पण पंधरावं. आधी आमची चौदा."

मुलीनं छिन्नी खाली ठेवली. नऊ वर्षं ती स्मारक समितीकडे एकच अर्ज करत होती. कारखान्याचा बॉयलर फुटून गेलेल्या एकोणचाळीस कामगारांचं स्मारक ज्यांनी घडवलं, त्या आप्पांचं नाव त्या दगडावर कुठंतरी असावं. कोपऱ्यात चालेल, मागच्या बाजूला चालेल. दर वर्षी उत्तर यायचं, विषय विचाराधीन आहे. एवढा विचार समितीनं जन्मात दुसऱ्या कशाचा केला नसेल.

आप्पा सव्वा वर्ष एकटे त्या दगडाला भिडले होते. गेलेल्यांपैकी एकाची आई आंधळी. तिला लेकाचं नाव बोटानं वाचता यावं म्हणून त्यांनी एकूण एक अक्षर अर्धं पेर बुडेल इतकं खोल नेलं. रंग भरू दिला नाही. "दगडावर गेलेल्यांचीच नावं राहतील," ते म्हणायचे, "बाकीच्यांनी आपापल्या दारावर पाटी लावावी." स्वतःचं नाव त्यांनी घातलं नाही, आणि मग लोकांनीही त्यांना विसरायला फार वेळ लावला नाही. मुलीला सलत होतं ते हेच.

तिनं यादी वाचली. अध्यक्षांच्या पदव्यांनीच अडीच ओळी खाल्ल्या होत्या. दोघांनी स्मारक फक्त गाडीच्या काचेतून पाहिलं होतं. सातव्या नावाशी ती अडखळली. बॉयलर ठणठणीत असल्याचा दाखला, तो फुटायच्या आठ दिवस आधी देणारे तपासनीस.

"हेसुद्धा?"

"दुर्घटनेशी सगळ्यात जुना संबंध त्यांचाच," अध्यक्ष म्हणाले. "आणि हे बघ, अक्षरांत सोनेरी रंग भर. लांबून दिसलं पाहिजे."

मुलीनं यादीची घडी घातली. म्हणाली, "भरते. पण काम चालू असताना कुणी बघायला यायचं नाही."

लोकांनी तोंडात बोटं घातली. बापाच्या एका नावासाठी पोरगी विकली गेली म्हणाले. अनावरणाच्या दिवशी ती पंधरा नावं अशी झळकली, की फोटोवाल्याला डोळ्यांवर हात धरावा लागला. वरची एकोणचाळीस कुणाला दिसेचनात. आंधळ्या म्हातारीनं खालच्या बाजूला हात फिरवून पाहिला.

"नवीन काय लावलंय म्हणता? माझ्या हाताला तर काही लागत नाही."

म्हातारीची बोटं बधिर झाली, असं ठरलं.

तिसऱ्या पावसाळ्यात सोनं वाहून गेलं. अध्यक्ष चष्मा पुसून पुसून दगडासमोर उभे राहिले. वर एकोणचाळीस नावं जशीच्या तशी. खाली दगड गुळगुळीत, नुकतीच दाढी केलेल्या गालासारखा. ते तडक तिच्या दुकानात आले.

"कोरलंच नाहीस तू. नुसते केसाएवढे ओरखडे काढलेस."

"रंग धरायला तेवढे पुरतात, काका."

"आणि तुझा बाप? त्याचंही नाव गेलं की!"

"गेलं. गेलेल्यांचीच नावं राहतील, हे म्हणणं त्यांचंच. त्यांना एकट्याला सूट देऊन कसं चाललं असतं?"

अध्यक्षांना आता जरा बरं वाटलं. "म्हणजे नऊ वर्षं अर्ज करून तू मिळवलंस काय, पोरी? आमचं गेलं ते गेलं, तुझंही गेलं."

तिनं समोरच्या पाटीवरची धूळ फुंकली.

"तुमची चौदा मी एका दुपारी उरकली," ती म्हणाली. "आप्पांचं एक नाव उथळ ठेवायला मात्र चार दिवस लागले. छिन्नी सारखी आत जात होती."